वाळलेला गाभा

या, थोडं पुढे सरकून बसा; मोठ्याने सांगायची ही गोष्ट नाही. दूर तेलाच्या मुलखातल्या अहवाज शहरात राहणाऱ्या नोजर नावाच्या माणसाची आहे, त्याच्या एका सकाळची. दगडांबद्दल ऐकायचा कंटाळा येईल म्हणाल, तरी जरा धीर धरा. या गोष्टीतला दगड माणसाइतकाच हळवा आहे. आणि सगळं सांगून झालं की मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते आत्ताच कानावर घालून ठेवतो.

शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. पहाटेपासून धुळीचं वादळ उठलं होतं आणि कारून नदीवरचे पूल दिसेनासे झाले होते. तंदूरवाल्याकडून रोट्या घेऊन नोजर घरी आला तेव्हा त्याच्या दातांखाली, पापण्यांत, कानांच्या पाळ्यांमागे ती पिवळी धूळ बसली होती. तोंड धुवायला तो बेसिनपाशी गेला. त्याचा साबण संपला होता. न बघताच त्याने हात पलीकडे नेला आणि गुलअंदामच्या बाजूची वडी उचलली. गुलअंदाम, त्याची बायको, जाऊन वर्ष उलटलं होतं. तिची वडी तिथेच राहिली होती. कुणी वापरली नव्हती, कुणी टाकलीही नव्हती. ओल्या बोटांतून ती सुटली आणि बेसिनच्या काठावर आपटली. साबण पडल्याचा आवाज तो नव्हता. चिनी मातीचा टवका उडाला, आणि वडी मात्र जशीच्या तशी. नोजरने ती उचलली, नख रुतवून पाहिलं, ओरखडा उठेना. अंगभर बारीक भेगा आणि तरीही दगडासारखी टणक. मग त्याने ती नळाखाली धरली, का धरली ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाणी भेगांत शिरलं, वरचा थर बुळबुळीत झाला, आणि त्याचा अंगठा हळूच आत गेला. तो अंगठा तसाच आत ठेवून नोजर उभा राहिला. नळ वाहत होता. अंगठ्याला जे कळलं ते डोक्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. आणि पोचलं तेव्हा त्याने भिंतीला हात टेकला.

कारण असं पूर्वी एकदा झालं होतं, फक्त उलट्या क्रमाने. नोजरचं आयुष्य दगड चिरडण्यात गेलं होतं. तेलाच्या विहिरी खणणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तो खडकांचा इंजिनियर होता. खोल जमिनीतून खडकाचा लांबट गाभा काढून आणतात, त्यातून बोटाएवढा तुकडा कापायचा, यंत्राच्या जबड्यात चारी बाजूंनी आवळायचा आणि तो किती भार सोसून फुटतो ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण त्या एवढ्याशा आकड्यावर विहीर उभी असते. जमिनीत भोक पाडलं म्हणजे तिथला खडक गेला, आणि तो गेला तरी त्याने पेललेलं ओझं जात नाही. ते भोकाच्या भिंतींवर येतं. भिंतींना आतून आधार कोण देतो, तर भोकात भरलेला चिखल. चिखल हलका पडला तर भिंती ढासळतात, जड झाला तर खडक उकलतो आणि चिखल भेगांतून पळून जातो. या दोन्हींच्या मधे एक अरुंद वाट असते. वाळवंटात सध्या खणत असलेल्या एका विहिरीसाठी त्या वाटेचा खालचा काठ नोजरने आखून दिला होता, शेल नावाच्या काळ्या, पापुद्र्यांच्या खडकाचा एक गाभा फोडून. गाभा जुना होता. शेजारच्या विहिरीतून कधीतरी काढलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर मेणाचं जाड कवच चढवून कोठारात ठेवलेला. ते कवच कशासाठी, तर जमिनीतला ओलावा जमिनीतल्यासारखाच आत राहावा म्हणून. उन्हाळ्यात कोठाराची वीज जाते, गारवा जातो, हे नोजरला ठाऊक होतं. मेण सोललं तेव्हा ते कुठे चिकटलं नव्हतं, पापडासारखं सुटून आलं, तेही त्याने पाहिलं होतं. आणि मग कापायला घेतलं तर काय नवल, शेलचा तुकडा एरवी पात्याखाली भुगा होतो, चारपाच वाया जातात तेव्हा एक धड निघतो. हा पहिल्याच वेळी निघाला, गुळगुळीत, कडा शाबूत. नोजरला स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं. चहाच्या वेळी त्याने तो तुकडा सगळ्यांना दाखवला. यंत्राने आवळला तेव्हा तो सोसत राहिला, सोसत राहिला, आणि नोजरच्या मनात आलं, हा खडक म्हणजे भला माणूस आहे. ओलावा गेलेला होता. वाळलेला होता म्हणून टणक होता. जमिनीखाली, आपल्या जागी, ओला असलेला त्याचा भाऊ याच्या निम्म्या ओझ्यालाही टिकणार नव्हता. हात चांगला चालतोय या आनंदात त्याने दगड बघितलाच नाही.

टणकपणाने तो आधीही फसला होता. शेवटच्या दिवसांत गुलअंदाम कण्हायची थांबली. उशीला टेकून बसली, केस विंचरून घेतले, चिंच घातलेलं माशाचं कालवण खावंसं वाटतं म्हणाली. नोजरला वाटलं उतार पडला. तिचा धाकटा भाऊ मंदनी ड्रिलर होता, विहिरीवरच्या यंत्राचा ब्रेक त्याच्या हातात असायचा. आणि गळा असा, की मुहर्रमच्या दिवसांत रिगवरची, म्हणजे त्या खणायच्या सांगाड्यावरची, माणसं काम संपवून त्याच्याभोवती बसायची आणि तो करबल्याची कथा गाऊन सांगायचा. मधेच बोलायचा, मधेच आलाप घ्यायचा, तान्ह्या बाळाच्या तहानेपाशी आला की खाली बसलेले रांगडे गडी तोंडं झाकून रडायचे. गुलअंदाम त्याला फोन करायची आणि फोन उशीवर कानाशी ठेवायची. तिकडे वाळवंटात मंदनी गायचा, इकडे तिचा श्वास सावकाश व्हायचा. देवाने काही गळे दुसऱ्यांची दुखणी उचलायलाच घडवलेले असतात, यावर नोजरचा विश्वास तेव्हापासून बसला. शेवटच्या सकाळीही ती ऐकत होती. चेहरा निवळलेला, कपाळावर आठी नाही. जा तुम्ही, म्हणाली, मला बरं वाटतंय. तो प्रयोगशाळेत गेला. दुपारी शेजारणीचा फोन आला. माणूस आतून संपत आलं की वरून असं घट्ट होतं, हे डॉक्टरांनी त्याला नंतर समजावलं. नंतर सगळेच समजावतात. आता बेसिनपाशी, अंगठ्याला तिचा साबण लागलेला असताना, त्याला दोन्ही कडकपणा एकाच वेळी हाताला लागले, बायकोचा आणि दगडाचा. आणि मंदनी त्याच विहिरीवर होता. त्या आकड्यावर खणत होता.

त्याने तवक्कुलींना फोन लावला. तवक्कुली म्हणजे कंपनीचे ड्रिलिंगचे मुख्य. सुट्टीच्या दिवशी ते ऑफिसात सापडले यावरूनच नोजरने काय ते ओळखायला हवं होतं. आकडा चुकलाय, नोजर म्हणाला, गाभा वाळलेला होता, खडक कच्चा आहे, चिखल जड करा. मग तवक्कुलींनी सांगितलं की पाइप सकाळपासून अडकलाय. वर काढता काढता जागच्या जागी घट्ट झाला, वर येत नाही, फिरत नाही. आणि भिंत ढासळून अडकला असेल हे शक्य नाही, कारण नोजर आगा, तुमच्याच आकड्याप्रमाणे ती भिंत ढासळूच शकत नाही. म्हणजे पाइप भिंतीला चिकटलाय, चिखलाच्या दाबाने चिकटलाय. तेव्हा त्यांनी चिखल आणखी हलका करायला सांगितलं होतं आणि जोर लावून वर ओढायला. दोन्ही हुकूम गेले होते. उरलासुरला आधार काढून घेतला जात होता, आणि वर ओढणार होते; ढासळलेल्या तुकड्यांवर पाइप जितका वर ओढाल तितके ते पाचरीसारखे घट्ट बसतात. ओढणाऱ्याचा जोर मग जातो कुठे? तारेत जातो, लोखंडी हुकात जातो, पाइपाच्या जुन्या सांध्यात जातो. आणि सांधा तुटला की तो सगळा जोर एका झटक्यात वर उसळतो आणि उंचावरचं लोखंड खाली उभ्या असलेल्या माणसांवर येतं. हे त्याने अडखळत सांगितलं. तुम्हांला हे आज कसं सुचलं, तवक्कुलींनी विचारलं. नोजरने खरं तेच सांगितलं.

"साबण," तवक्कुली म्हणाले. "एक वडी हातातून पडली म्हणून मी विहीर थांबवू? नोजर आगा, वहिनी गेल्यापासून तुम्ही नीट झोपत नाही, हे आम्हांला दिसतं. पाणी प्या, पडून राहा. उद्या बोलू."

रिगचा फोन लागेना. धुळीत फोनचे मनोरे आंधळे झाले होते. लागला की दोन शब्दांत तुटायचा. नोजर खोलीतून खोलीत फिरत राहिला, हातातला फोन खिडकीशी धरत, जिन्यात धरत, गच्चीच्या दाराशी धरत. गच्चीवरून शहर दिसत नव्हतं. फक्त कुठेतरी एक गाडी न थांबता भोंगा वाजवत होती. खाली माणसं आपापल्या घरी जेवणं मांडत असतील, पोरं कंटाळली असतील, आणि सगळ्यांच्या पायांखाली, खूप खोल, तो काळा खडक आपलं ओझं धरून गप्प बसलेला. कुणी भोक पाडलं नसतं तर तो पडलाच नसता. तोंडातल्या तोंडात तो या खुदा, या खुदा म्हणत होता, आणि मनातला दुसरा कुणी त्याला विचारत होता, मेण सोलताना म्हणाला होतास का हे? लागला फोन. पाठीमागे इंजिनांचा घोष, आणि मंदनीचा आवाज, नेहमीसारखा, हसू दाबलेला.

"दाजी, सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याची आठवण? पैसे मागणार असाल तर रेंज नाही म्हणून ठेवून देतो."

नोजरने सांगितलं. शब्द कसेबसे निघत होते. गाभा वाळलेला होता, आकडा खोटा आहे, भिंत ढासळलीय, ओढू नकोस, खाली सोड, सुटला की हळूहळू फिरवून चिखलाला वाट करून दे, घाई करू नकोस. मंदनी म्हणाला, काल चिखल गाळायच्या चाळणीवर नखाएवढ्या काळ्या चिपा येत होत्या. पोरं म्हणाली भिंत सुटतेय. "मीच त्यांना गप्प केलं, दाजी. म्हटलं, आकडा आमच्या दाजींचा आहे, ती भिंत पडायची नाही."

नोजरला रडू फुटलं.

"रडू नका," मंदनी म्हणाला. "तुमचं रडणं फार बेसूर आहे, ताईसुद्धा म्हणायची."

विहिरीवर हुकूम चालवणारा कंपनीचा माणूस तिथेच उभा होता, त्याला मंदनीने सांगून पाहिलं. नोजरला ते बोलणं लांबून, वाऱ्यात ऐकू येत होतं. त्या माणसाचा आवाज चढला. फोनवरून आलेलं घरचं बोलणं म्हणजे हुकूम नाही, असं काहीतरी. मंदनी परत फोनवर आला तेव्हा त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं, पण घाईही नव्हती. मी हात काढला तर दुसऱ्याला ब्रेकवर बसवतील, म्हणाला. तो काही जाणत नाही. तो सगळ्यांना वर उभं ठेवून ओढेल.

"मग तू काय करणार?"

"आधी माणसं खाली घालवतो. मग ओढतो, जितकं हळू ओढता येईल तितकं. तेवढ्या वेळात तुम्ही त्या तवक्कुलीच्या डोक्यात काहीतरी शिरवा."

"तूही खाली उतर, मंदनी."

"ब्रेक कोण धरणार, दाजी?" एवढं म्हणाला, आणि फोन तुटला. परत लागला नाही.

प्रयोगशाळेपर्यंत नोजर टॅक्सीने गेला. ड्रायव्हर दिवे लावून, नाक काचेला लावून चालवत होता, धुळीला आणि सरकारला शिव्या देत होता, आणि नोजर त्याला होय होय म्हणत होता. तो आकडा चुकवून आता माझ्या हातात काय उरलंय, हे त्याला शोधायचं होतं. त्या आकड्यावर दुसरा आकडा दिला तर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्याचे शब्द तर गुलअंदामबरोबरच पुरले गेले होते लोकांच्या लेखी. गाभ्याचा उरलेला मूठभर तुकडा कपाटात होता. पहारेकऱ्याने दार उघडून दिलं, आज कसे काय साहेब, म्हणाला. नोजरने तो काळा दगड काढला. हातात इतका हलका! तेव्हाही तो इतकाच हलका होता, आणि तेव्हा तो हलकेपणाही त्याला देखणा वाटला होता. त्याने कागदात दगड गुंडाळला, छातीशी धरला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मुख्य ऑफिसाकडे धावत सुटला. त्या वयाचा माणूस धुळीत धावतो तेव्हा बघणाऱ्याला हसू येतं, तसा धावला. चपलेचा बंद तुटला. धूळ घशात गेली, खोकला आला, आणि खोकताना त्याला मेलेल्या बायकोची शपथ घालावीशी वाटली, पण घालायची कुणाला ते सुचेना, दगडाला की देवाला. मंदनी हळू ओढत असेल. हळू म्हणजे किती? माणसं खाली उतरली असतील का? तो त्यांना काय सांगेल? ती म्हणतील, का म्हणून जायचं, आणि तेवढ्यात? पायऱ्या चढताना त्याला जाणवलं की आपण मोठ्याने बोलत चाललोय.

तवक्कुली फोनजवळ बसले होते, समोर चहा. नोजरने चहाचा पेला उचलला, कोपऱ्यातल्या कुंडीत चहा ओतला, सुरईतलं पाणी पेल्यात भरलं आणि तो टेबलावर ठेवला. कागद सोडला. तवक्कुली उठणार होते, ओरडणारही होते बहुधा. पण नोजरचं तोंड पाहून बसून राहिले. दगड पाण्यात गेला. आधी काही झालं नाही. तो टणक काळा तुकडा तळाला बसला, सभ्य, शाबूत. मग त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे फुटले, जणू आत कोंडलेला कुणी श्वास सोडतोय. एक पापुद्रा सुटला, उभा राहिला, आडवा पडला. मग दुसरा. मग आवाज न करता एक संपूर्ण बाजू सरकली आणि पाणी शाईसारखं झालं. दोघंही बघत होते. तळाशी थोड्या वेळाने फक्त गाळ होता, ढवळलेल्या कॉफीसारखा.

"हाच?" तवक्कुलींनी विचारलं.

"हाच. खाली हा असाच ओला आहे. आणि त्याच्यामधून मंदनी ओढतोय."

तवक्कुलींचा हात फोनकडे गेला. वाईट माणूस नव्हता तो. आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस होता, आणि आकडा त्याला नोजरनेच दिला होता. त्यांनी लावला, तुटला, लावला. लागला तेव्हा ते ओढणं थांबवा, थांबवा म्हणत राहिले. पलीकडून कुणी काहीतरी सांगत होतं आणि ते ऐकून घेत नव्हते, थांबवा म्हणत होते. मग ऐकायला लागले. फोन कानाशी तसाच. नोजरने पेल्याकडे पाहिलं, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

सांधा तुटला होता. वरचं लोखंड खाली आलं होतं. ब्रेकजवळचा पत्र्याचा आडोसा बसलेल्या माणसासकट सपाट झाला होता. बाकी सगळे खाली, वाळूत, चिखलाच्या टाक्यांच्या पलीकडे उभे होते. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. कंपनीचा माणूसही त्यांच्यातच होता.

नोजर त्या वाचलेल्या माणसांना नंतर भेटला, दफन झाल्यावर, मंदनीच्या गावच्या अंगणात. ती माणसं एका रांगेत बसली होती, मोठाले हात गुडघ्यांवर, धुतले तरी नखांत काळं राहिलेलं. मी तुमच्यापुढे बसायच्या लायकीचा नाही, आकडा माझा होता, असं नोजर म्हणाला. त्याला वाटत होतं एखाद्याने उठून थोबाडीत द्यावी. तसं झालं तर काहीतरी जागेवर बसेल. कुणी उठलं नाही. मग त्यांच्यातला रहीमदाद, सगळ्यांत थोराड, जमिनीकडे बघत बोलायला लागला. मंदनीने आम्हांला खरं सांगितलं नाही, म्हणाला. खरं सांगितलं असतं तर आम्ही त्याला सोडून गेलो नसतो, हे त्याला ठाऊक होतं. हसत आला आणि म्हणाला, तुमच्या अंगाला असा वास येतोय की पाइप लाजून वर येत नाहीये. खाली जा सगळे, टाक्यांच्या पलीकडे उभे राहा, मी बोलावल्याशिवाय येऊ नका. कंपनीच्या माणसाला म्हणाला, तुम्ही तर आधी जा. आम्ही शिव्या देत उतरलो. मीही दिली एक, आईवरून. खाली येईपर्यंत आम्ही हसत होतो.

रहीमदाद थांबला. त्याला ती शिवी परत घ्यायची होती, आणि ती घ्यायला जागा नव्हती.

नोजर त्याच्या शेजारी बसला. अंगणात बायकांचा आक्रोश उठत होता, बसत होता. आपण फोन केला नसता तर या रांगेतलं कुणीच इथे बसलेलं नसतं, हे तो जाणत होता. आणि मेण सोलताना क्षणभर थांबलो असतो तर मंदनीही बसलेला असता. दोन्ही खरं होतं. एका खऱ्याने दुसऱ्याला आधार मिळत नव्हता. त्या दोन्हींच्या मधे माणसाला उभं राहता येईल एवढी वाट आहे का, हे तो तेव्हापासून शोधतो आहे. सापडली असं मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मात्र तो रहीमदादच्या पाठीवर नुसता हात ठेवून होता.

तर माझं मागणं हे. नोजरसाठी काही मागत नाही. त्याचं तो देवापाशी मागून घेईल, रोज मागतोच. मागतो ते मंदनीसाठी. नाव परकं आहे, तुमच्या जिभेला सवय नाही. तरी आज घरी गेलात, माणसं जेवायला बसली, कुणी कुणाची थट्टा केली आणि सगळे हसले, की त्या हसण्यात मनातल्या मनात एकदा म्हणा: मंदनी. माणसांना हसवत खाली उतरवलं आणि स्वतः वर थांबला. विसरू नका त्याला.